मोती पिकायची वाट कशाला?

जॉब पुण्यात किंवा मुंबईत आणि आई-बाबा नेरला? मग रविवारच्या फोनवर बीपी, शुगर, सोयाबीनचा भाव असं सगळं विचारून होतं. डोळे मात्र राहून जातात. विचारलंच, तर ठरलेलं उत्तर येतं, ‘मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही बाप्पा. पिकला की पाहू!’

हा डायलॉग आता रिटायर करायला हवा.

एके काळी त्यात तथ्य होतं. तेव्हा मोठा छेद घेऊन भिंग काढायचे, टाके पडायचे आणि पुढे आयुष्यभर जाड काचांचा चष्मा. मग १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं. यात अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करून तो बारीकशा छेदातून ओढून घेतात. मोती पिकून कडक झाला, तर उलट हेच काम अवघड होतं. त्यामुळे पेपर वाचणं, बस ओळखणं, रात्री चालणं जड जायला लागलं की डॉक्टरांशी बोलायचं. त्यासाठी हिवाळ्याचीही वाट बघायला नको.

आणि हो, बाबा अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले, तर पेढे वाटू नका! मोतीबिंदूमुळे भिंगाचा नंबर बदलतो आणि जवळचं काही दिवस बरं दिसतं, इतकंच.

खरा व्हिलन वेगळाच

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. तरी त्यात एक दिलासा आहे. बाकीचा डोळा चांगला असेल, तर ऑपरेशननंतर नजर परत येते. काचबिंदूत ती येत नाही.

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्याने. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं, म्हणून कळतही नाही. धूसर दिसायला लागलं की घरचे म्हणतात, ‘मोतीच असेल, पिकू दे.’ त्या वाट बघण्यात गेलेली नजर कुठलंच ऑपरेशन परत देत नाही. वेळेत सापडला, तर रोजच्या थेंबांनी उरलेली नजर सांभाळता येते. मात्र अचानक डोळा लाल होऊन प्रचंड दुखला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मग करायचं काय?

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं नाही. डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून मागची नस व पडदा, हे दोन्ही बघायला हवं. शुगर असेल, तर पडदा दरवर्षी. नेरहून यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफतही होतं. मेडिकलमधून मनानेच आणलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र बंद, त्यांनीच काचबिंदू होऊ शकतो.

पुढच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा एक सकाळ या तपासणीसाठी ठेवा. आई-बाबांपैकी कुणाला काचबिंदू निघाला, तर पुढचा नंबर तुमचा. तो घराण्यातून येतो, तेव्हा स्वतःचीही अपॉइंटमेंट घेऊन टाका!