मरी, पटकी आणि प्लेग : जुन्या कागदांतील रोगनामांविषयीं

पुण्याकडील जुन्या दप्तरांत मृत्यूची वार्ता पुष्कळ येते. कारण मात्र क्वचित्. ‘देवाज्ञा झाली’ एवढ्यावर बहुधा लेखक थांबतो. थोरल्या माधवरावांसारखा पुरुष दीर्घकाळ क्षयानें झिजून १७७२ सालीं थेऊर येथें निवर्ततो, तेव्हां दुखण्याची हकीकत पत्रोपत्रीं मिळते. सांथींत एका रात्रींत गेलेल्या कुळंब्याविषयीं कोण लिहिणार ?

जेथें नांव येतें तेथेंही घाई करूं नये. ‘मरी’ शब्द दिसतांच तळटीपेंत ‘प्लेग’ लिहिण्याची संवय आपल्यांत आहे. मींही ती चूक एकदां केली आहे. मरी म्हणजे पुष्कळ माणसें एकदम मरणें, इतकाच अर्थ. रोग कोणता, तें लक्षणांवरून ठरवावें. औरंगझेबाच्या दक्षिणेंतील स्वारीच्या वेळीं विजापुरास सांथ आली, तिच्या वर्णनांत खाफीखान काखेंतील व जांघेंतील गांठी सांगतो. तेथें प्लेग म्हणण्यास आधार आहे. उलटपक्षीं वांती, रेच, हातापायांस पेटके व कांहीं प्रहरांतच अंत असें असेल, तर ती पटकी.

पटकीची मोठी सांथ १८१७ सालीं बंगाल्यांत उठली व १८१८ सालीं दक्षिणेंत पोंचली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं. म्हणून त्या सालच्या कागदांत एखादें घर एकाएकीं ओस पडलेलें दिसलें, तर तें लढाईमुळेंच असें धरून चालूं नये.

संस्कृत नांवेंही फसवितात. पुढें पटकीस ‘विसूचिका’ म्हणूं लागले. पण सुश्रुताची विसूचिका अजीर्णजन्य आहे, गांवेंच्या गांवें नेणारी नव्हे. देवींचें तसेंच. सुश्रुतानें मसूरिका क्षुद्ररोगांत घातली, माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें. मधल्या काळांत रोगाचें बळ वाढलें असावें, असें मला वाटतें. मुंबईस १४ जून १८०२ रोजीं पहिली देवी टोंचली गेली आणि १९७७ सालीं भारत देशच त्या रोगांतून मुक्त ठरला. आतां ‘देवी आल्या’ हे शब्द मुलांस समजावून सांगावे लागतात !

१८९६ सालीं मुंबईस व लागलींच पुण्यास गांठीचा रोग आला, तेव्हां ‘मरी’ हा शब्द पुरेना. शास्त्री मंडळींनीं ‘ग्रंथिक सन्निपात’ असें भारदस्त नांव काढलें. लोकांच्या तोंडीं मात्र इंग्रजीच बसलें. त्यानंतरच्या कागदांत ‘प्लेग’ असें स्पष्ट लिहिलेलें असतें, तेथें टीपेची गरज नाहीं.