सामाईक खर्चाची वाटणी

मद्रासेतील म्हणजे आजच्या चेन्नईतील त्यागराय नगर, लोकांच्या तोंडी टी. नगर, १९२० च्या दशकात एका मोठ्या तलावाच्या जमिनीवर वसविले गेले. आज तेथील उस्मान मार्गावर व रंगनाथन रस्त्यावर बहुमजली दुकाने उभी आहेत. एका मजल्यावर कांचीपुरमची रेशमी वस्त्रे, दुसऱ्यावर तयार कपडे, तिसऱ्यावर भांडीकुंडी. विजेचे बिल मात्र बहुधा साऱ्या इमारतीचे मिळून येते. भाडे आणि पहारेकरीही सामाईकच. हा खर्च कोणत्या विभागाच्या नावे मांडावयाचा?

समजा, महिन्याचा सामाईक खर्च ३,००,००० रुपये आहे. भांड्यांच्या विभागाने निम्मी जागा व्यापली आहे. विक्रीतील त्याचा वाटा १५ टक्के. जागेच्या प्रमाणात वाटणी केली तर त्याच्या माथी १,५०,००० रुपये येतात, विक्रीच्या प्रमाणात केली तर ४५,०००. या विभागाची स्वतःची शिल्लक १,००,००० रुपये असेल, तर पहिल्या हिशेबाने तो ५०,००० रुपयांनी बुडीत ठरतो आणि दुसऱ्याने ५५,००० रुपये मिळवितो. भांडी तीच, गिऱ्हाईकही तेच! पहिला आकडा पाहून मालकाने तो विभाग बंद केला, तर तेथील नोकरांची रोजी जाईल. भाडे मात्र कमी होणार नाही. ते उरलेल्या विभागांवर पडेल आणि दुकान महिना लाखाच्या शिलकीला मुकेल.

म्हणून वाटणीचे प्रमाण दर महिन्याला कारकुनाच्या मर्जीवर सोडणे इष्ट नव्हे. हिशेबाच्या संगणकीय प्रणालींत असा नियम एकदाच लिहून ठेवण्याची सोय असते. टॅलीमध्ये खर्च-केंद्रांचा एक वर्ग करून त्यांची टक्केवारी आधीच ठरविता येते. मग बिल नोंदविताना केवळ तो वर्ग निवडावा, रक्कम आपोआप विभागली जाते. नियम लिहिताना कोणता खर्च, कोणत्या केंद्रांवर आणि कोणत्या आधारावर, हे स्पष्ट हवे. भाड्याला जागा हा आधार शोभतो, विजेला मीटर, वेतन-विभागाच्या खर्चाला नोकरांची संख्या. सर्वांना एकच माप लावणे सोपे खरे, पण त्यात न्याय थोडा.

टक्केवारीची बेरीज शंभर भरलीच पाहिजे. शंभर रुपये तिघांत समान वाटले, तर प्रत्येकी ३३.३३ होऊन एक पैसा उरतो; तो कोणी घ्यावयाचा, हेही आधीच ठरवावे. याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. विभागाची जागा जूनमध्ये वाढली, तर नवे प्रमाण जूनपासून लागू व्हावे. मेचे हिशेब जुन्याच प्रमाणाने राहावेत. जुना नियम खोडून त्यावर नवा लिहिला, तर मागील वाटणी कशी झाली हे तपासनिसाला सांगता येत नाही.

काही बाबतींत हे प्रमाण ठरविण्याची मुभा व्यापाऱ्याला नसते. अनेक राज्यांत शाखा असलेल्या पेढीच्या मुख्य कार्यालयाने सर्वांसाठी एखादी सेवा घेतली, तर तिच्यावरील वस्तू व सेवा कराची वजावट त्या शाखांना उलाढालीच्या प्रमाणात वाटावी लागते. त्यासाठी वितरक म्हणून वेगळी नोंदणी १ एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली आहे.