सात गुण झाले, की वरचा गट!

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे कथक वा भरतनाट्यम् शिकणाऱ्या अनेक मुली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हा क्रम पालकांच्याही परिचयाचा असतो. परीक्षा उत्तीर्ण झाली, की पुढची पायरी. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यावर विद्यापीठाच्या बॉलरूम नृत्य क्लबात दाखल होणाऱ्यांना मात्र निराळा जिना चढावा लागतो. तेथे परीक्षा नसते. स्पर्धेतील यशच नर्तकाला वरच्या गटात नेते.

या हौशी स्पर्धांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि त्यापुढे नॉव्हिस, प्री-चॅम्पियनशिप व चॅम्पियनशिप असे गट असतात. पहिल्या तिन्हींत ठरवून दिलेल्या पदन्यासांचेच बंधन असते. नॉव्हिसपासून रचना मुक्त होते. नर्तकाने कोणत्या गटात उतरावे, हे ठरवण्यासाठी विद्यापीठीय स्पर्धांत ‘वायसीएन’ नावाची गुणपद्धत प्रचलित आहे.

तिचा हिशेब सोपा आहे. स्पर्धेत उपांत्य फेरी झाली असेल, तर पहिल्या क्रमांकास 3, दुसऱ्यास 2 आणि तिसऱ्यास 1 गुण मिळतो. उपांत्यपूर्व फेरीही झाली असेल, तर चौथ्या ते सहाव्या क्रमांकासही प्रत्येकी 1 गुण मिळतो. जोड्या कमी असल्याने थेट अंतिम फेरी झाली, तर विजेत्यालाही गुण नाही. एका गटात 7 गुण झाले, की तो गट बंद. म्हणजे ब्राँझ वॉल्ट्झमध्ये दोनदा पहिला आणि एकदा तिसरा क्रमांक मिळवणाऱ्याला पुढे सिल्व्हरमध्येच उतरावे लागते.

वरच्या गटातील यशाचे मोल खाली वाढते. सिल्व्हरचा 1 गुण ब्राँझमध्ये 2 गुणांएवढा धरला जातो. गोल्डमधील 1 गुण ब्राँझमध्ये 7 गुणांएवढा ठरतो आणि ब्राँझचे दार तत्काळ बंद होते. गुण प्रत्येक नृत्यप्रकारासाठी स्वतंत्र मोजले जातात. त्यामुळे एखादी व्यक्ती वॉल्ट्झमध्ये सिल्व्हरला, तर टँगोमध्ये ब्राँझला असू शकते. गुण जोडीचे नसून व्यक्तीचे असल्याने जोडीदार बदलला तरी ते पुसले जात नाहीत.

हे गुण वस्तुतः बक्षीस नव्हेत, ती मर्यादा आहे. मुरलेल्या नर्तकाने खालच्या गटात ठाण मांडून पदके लुटू नयेत आणि नवख्याला बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळावेत, हा त्यामागचा हेतू. तथापि पद्धतीत उणिवाही आहेत. छोट्या स्पर्धांत वारंवार जिंकणारा गुणांअभावी खालीच राहू शकतो. शिवाय निकाल संकेतस्थळांवर नोंदले जात असले, तरी योग्य गटात नाव देण्याची जबाबदारी बहुतांशी नर्तकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेली असते. आयोजकांनुसार नियमांत फरकही पडतो. म्हणून प्रवेशिका भरण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली वाचणे आवश्यक ठरते.

मुंबईहून जाणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कथकमधील विशारद ताल व पदलालित्याच्या कामी येईल, पण या हिशेबात तिचे गुण शून्य. सुरुवात तळापासूनच करावी लागते.