अभियांत्रिकी अध्यापनातील चित्रफीत आणि सक्रिय अध्ययन
सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अध्यापकांनी अभियांत्रिकी विषयांवरील छोट्या चित्रफिती यूट्यूबवर उपलब्ध करून दिल्या आहेत. त्यांत मध्येच प्रश्न विचारून चित्रफीत थांबविण्याची सूचना येते. हा विरामच महत्त्वाचा होय. केवळ पाहणारा विद्यार्थी श्रोताच राहतो; उत्तर स्वतः मांडताना मात्र आकलनातील उणीव त्यालाच दिसते. वर्गात हेच कार्य आधी एकट्याने विचार, मग जोडीने चर्चा व शेवटी सर्वांसमोर मांडणी या पद्धतीने साधते. आयआयटी मुंबईतील प्रथम वर्षाच्या मोठ्या प्रोग्रॅमिंग वर्गात अशा कृतींत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी गुंतलेले आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. म्हणून चित्रफितीमुळे वाचलेली तासिका पुन्हा व्याख्यानात न घालवता प्रश्न सोडविण्यासाठी राखणे, हेच अध्यापकाचे खरे नियोजन ठरते.