पर्सनल लावायचं, पण कशासाठी?

भूगाव-पिरंगुटकडच्या सोसायट्यांमधल्या मुलांना मी जिम्नॅस्टिक्स शिकवते. दुसरी-तिसरीतल्या मुलीला नीट कार्टव्हील जमू लागली की आई विचारते, "मॅडम, हिला पर्सनल लावू का?" मी सांगते, "तिचं नेमकं काय अडलंय, ते आधी बघू."

काही अडलं असेल तर पर्सनलचा, म्हणजे शिक्षकासोबतच्या एकटीच्या तासाचा, खरोखर उपयोग होतो. बॅचमध्ये १५ मुलं असली, की तासाभरात एकेकाच्या वाट्याला शिक्षकाची जेमतेम ४ मिनिटं येतात. बॅक हँडस्प्रिंगला कोपर वाकतं, बीमवर उडी घ्यायची भीती बसते. बीम रुंदीला अवघा १० सेंटिमीटर, उंचीला १२५. ती भीती रांगेत उभं राहून जात नाही. तिथे महिनाभर, आठवड्यातून अर्धा तास, त्या एकाच गोष्टीवर मेहनत घ्यावी. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते. उडी मारताना आणि खाली उतरताना ही मोठीच अडचण. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्या पायांवर चिकाटीनं काम केलं. तीच दीपा २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली, ब्राँझ ०.१५० गुणांनी हुकलं.

पण लहान मुलांचा पाया बॅचमध्येच पक्का होतो. आपल्या मुळशीच्या तालमीतही पोराला जोड लागतेच. मैत्रिणीला जमलं की हिलाही हुरूप येतो. शिवाय रांगेत थांबताना शरीराला विसावा मिळतो. पर्सनलमध्ये तो कमी, उड्या जास्त. वाढत्या वयात मनगटाच्या हाडांवर ताण येतो. मनगट दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेत मुलींना १६ व्या वर्षीच उतरता येतं. आठव्या वर्षी घाई कशाला?

आणि पर्सनलचा तास बंद दाराआड कधीच नको. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर यानं उपचारांच्या नावाखाली शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं. २०१८ मध्ये त्याला दीर्घ शिक्षा झाली. तास सर्वांदेखत व्हावा, पालकांना केव्हाही आत येता यावं. हे ज्या शिक्षकाला खपत नाही, त्याच्याकडे मूल पाठवू नका.

फी भरण्याआधी शिक्षकांना तीन गोष्टी विचारा: कशावर काम करणार, किती आठवडे, आणि सुधारणा कशी ओळखायची? उत्तरं पटली, तरी शेवटी मुलीला विचारा. तिला स्वतःला तो तास हवा असेल, तरच लावा.