'रोमन हॉलिडे'च्या श्रेयाची गोष्ट

१९५३ साली 'रोमन हॉलिडे' प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर कथालेखक म्हणून इयन मॅक्लेलन हंटर यांचं नाव होतं. उत्कृष्ट कथेचं ऑस्करही त्यांनाच जाहीर झालं. कथा मात्र डाल्टन ट्रम्बो यांची होती. राजकन्या आणि पत्रकाराची ही प्रेमकहाणी लाखोंनी पाहिली, पण ती कुणी रचली हे बहुतेकांना कित्येक वर्षं कळलंच नाही.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी मांडली. पक्षाचे सभासद आहात का, या प्रश्नाचं उत्तर नाकारणाऱ्या दहा जणांत ट्रम्बो होते. स्टुडिओंनी त्यांना काळ्या यादीत टाकलं आणि १९५० मध्ये त्यांची तुरुंगात रवानगी झाली. घर चालवायचं तर दुसऱ्याच्या नावाने लिहिणं भाग होतं. हंटर यांनी मित्रासाठी आपलं नाव दिलं, पटकथेवर स्वतः कामही केलं. पुढे काळ्या यादीने त्यांनाही सोडलं नाही.

आधी फ्रँक काप्रा हा चित्रपट दिग्दर्शित करणार होते. तो अखेर विल्यम वायलर यांच्याकडे आला. चित्रीकरण रोममध्येच करायचं, यावर ते ठाम राहिले. १९५२ च्या उन्हाळ्यात ते झालं. त्याचा खर्च पेलण्यासाठी रंगीत फिल्म सोडावी लागली आणि नायिकाही फारशी नावाजलेली नसलेली घ्यावी लागली. ऑड्री हेपबर्नची चाचणी लंडनमध्ये झाली. 'कट' म्हटल्यानंतरही कॅमेरा मुद्दाम सुरू ठेवला होता. काम संपलं असं समजून ती सैलावली, हसली, मोकळेपणाने बोलू लागली. वायलर यांना हवी असलेली राजकन्या त्या तुकड्यात सापडली. नायक ग्रेगरी पेक तेव्हा मोठा नट. पण चित्रीकरण सुरू असताना त्यानेच आग्रह धरला की या मुलीचं नाव आपल्या बरोबरीने, चित्रपटाच्या शीर्षकाच्या वर यावं. एकाच चित्रपटात एका नवोदित मुलीला मोठ्या मनाने श्रेय मिळालं आणि लेखकाचं हिरावलं गेलं, हे मला विसरता येत नाही.

चित्रपटातली तायबर नदीच्या काठावरची मारामारी मला आजही लांबलेली वाटते. 'सत्याचं मुख' या दगडी मुखवट्याचा प्रसंग मात्र कितीही वेळा पाहावा. खोटं बोलणाऱ्याचा हात ते मुख चावून तोडतं, अशी दंतकथा. दोघंही त्या क्षणी खोटं जगत आहेत: ती राजकन्या असल्याचं लपवते आहे, तो बातमीदार असल्याचं. पेकने हेपबर्नला न सांगता हात बाहीत ओढून घेतला. तिची किंकाळी खरी आहे.

आणि तो शेवट. पेकने साकारलेल्या पत्रकार जो ब्रॅडलीला राजकन्येच्या बातमीचे पाच हजार डॉलर मिळणार असतात, डोक्यावर देणं असतं. तो बातमी देत नाही. त्याचा छायाचित्रकार मित्र सगळे फोटो राजकन्येच्या हाती ठेवतो. ज्या काळात चौकशी समित्या माणसांना मित्रांची नावं सांगायला लावत होत्या, त्या काळात ट्रम्बोंच्या या कथेतली दोन माणसं एका मुलीचं गुपित फायदा सोडून जपतात. मला या चित्रपटाची थोरवी इथे दिसते. प्रेमिकांची ताटातूट अनेक चित्रपटांत असते. इतका सभ्य विश्वास क्वचित असतो.

हेपबर्नला ऑस्कर मिळालं, वेशभूषेसाठी ईडिथ हेड यांनाही. ट्रम्बोंचं नाव पडद्यावर परतलं ते १९६० मध्ये, 'एक्झोडस' आणि 'स्पार्टाकस'मुळे. 'रोमन हॉलिडे'चं श्रेय तरीही दूरच राहिलं. १९७६ मध्ये ते वारले. १९९३ मध्ये अकादमीने त्यांच्या कथेचं ऑस्कर त्यांच्या पत्नी क्लिओ यांच्या हाती दिलं. पटकथेच्या श्रेयासाठी पुढे प्रयत्न केले ते दोन लेखकांच्या मुलांनी, ख्रिस्तोफर ट्रम्बो आणि टिम हंटर यांनी मिळून. हंटरांच्या मुलाने आपल्या वडिलांच्या नावाशेजारी दुसरं नाव यावं म्हणून झटावं, यात त्या मैत्रीची खरी किंमत कळते. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी लेखक संघाने ते श्रेय बहाल केलं. ख्रिस्तोफर त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.