पाप कोणाचे? – काळे ईश्वरशास्त्र आणि बाबासाहेबांची कसोटी

रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली कोल्हापुरात ख्रिस्ती कार्य सुरू केले, तेव्हा त्याच्या मायदेशात गुलामगिरी कायदेशीर होती. मालक आणि गुलाम एकाच बायबलवर श्रद्धा ठेवीत होते. मग ते बायबल नेमके कोणाचे?

हा प्रश्न जेम्स कोन या कृष्णवर्णीय विचारवंताने १९६९ च्या ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात निर्भीडपणे मांडला. फारोच्या गुलामांना सोडविणारा ईश्वर तटस्थ असूच शकत नाही. तो पीडितांच्याच बाजूला उभा असतो. म्हणून अमेरिकेत ख्रिस्त काळा आहे, असे कोन म्हणतात. हे ख्रिस्ती धर्माबाहेरचे राजकारण आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला. परंतु निर्गमाची कथा आणि दीनांना सुवार्ता सांगणारा येशू हे त्या धर्माच्या गाभ्यातलेच आहेत. खरा वाद घरातलाच होता. मुक्तीबरोबर समेटही हवा, असे डिओटिस रॉबर्ट्स म्हणाले. ईश्वर काळ्यांच्या बाजूचा असेल तर त्यांचे हाल संपत का नाहीत, असे विल्यम जोन्स यांनी १९७३ साली विचारले.

आपल्यापुरती कसोटी मात्र बाबासाहेबांनी आधीच घालून दिली होती. धर्मांतरित अस्पृश्यांविषयीचे त्यांचे लेखन १९८९ साली शासनाच्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यांचा आक्षेप असा : अस्पृश्याला त्याच्या दुःखाचे मूळ आदिपापात दाखविले, की तो समाजरचनेशी लढेनासा होतो. कोन यांनी नेमकी हीच गाठ सोडविली. त्यांच्या मते गुलामी हे गुलामाच्या पापाचे फळ नव्हे; गुलाम करणारी व्यवस्था हेच पाप.

मराठी ख्रिस्ती विचार म्हटले की पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक ही नावे पुढे येतात. गावकुसाबाहेरून आलेल्या महार-मांग ख्रिस्तींचा अनुभव मात्र त्या विचाराचा पाया झाला नाही. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी ही उणीव दाखविली, आणि त्यातून दलित ईश्वरशास्त्र उभे राहिले. त्यात ख्रिस्त दलित आहे.

पण ख्रिस्ताला दलित म्हटल्याने मंडळीतली जात जात नाही. सोयरीक जुळविताना जात विचारली जाते का, हे पाहावे. कायद्याचेही तेच. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना स्थान मिळाले; ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. चर्च म्हणते जात नाही, सरकार म्हणते जात नाही. गाव मात्र ती विसरत नाही.

१९२० साली कोल्हापूर संस्थानातल्या माणगावी आपल्या माणसांनी माणुसकीचे हक्क मागितले, ते मेल्यानंतरच्या स्वर्गासाठी नव्हे. जे ईश्वरशास्त्र त्या मागणीबरोबर चालेल, तेच आपल्या कामाचे.